हे की ते

हॉटेलात सगळे तिला कीताई म्हणत. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटायचं, खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा हिच्याकडे असणार, म्हणून हे इंग्रजी वळणाचं नाव पडलं असेल. आठ दिवसांत त्याचा गैरसमज दूर व्हायचा. ताईच्या कमरेला चाव्या नव्हत्याच, तिच्या बोलण्यात 'की' होता. चहा की कॉफी, वाळूवर की सावलीत, आत्ता की अर्ध्या तासाने. गेल्या पंचवीस वर्षांत तिने 'की' नसलेला प्रश्न कुणाला विचारला असेल, तर तो झोपेतच.

बेट लहान होतं आणि हॉटेल त्या मानाने मोठं. वर्षातले सहा महिने तिथे फक्त वय झालेले पाहुणे यायचे, कारण त्या महिन्यांत तरुणांना सुट्ट्या नसतात आणि म्हाताऱ्यांना रोजच सुट्टी असते. 'म्हातारे' हा शब्द मात्र हॉटेलात उच्चारायला बंदी होती, आणि ती ताईनेच घातली होती. 'ज्येष्ठ पाहुणे' म्हणायचं. भटारखान्यात कुणाच्या तोंडून म्हातारा निसटलाच, तर ताई गोड आवाजात विचारायची, "तू आज कांदे सोलणार की कढया घासणार?"

ज्येष्ठ पाहुण्यांचा दिवस आखणं हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. कुणाचा गुडघा जिना चढत नाही, कुणाचे दात नावालाच. कुणाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या उजव्या हाताला बोलकं माणूस बसवायचं, पण इतकंही बोलकं नाही की बिचारा जेवायचाच राहील. वाळूवरचा फेरफटका नऊच्या आत आटपायचा, नंतर ऊन डोक्यात जातं. काचेच्या तळाची बोट भरतीलाच काढायची, म्हणजे धक्क्यावरून बोटीत पाऊल सरळ पडतं. ओहोटीला दोन हात खाली उतरावं लागतं आणि माणसं पडतात ती तिथेच. जेवणघरातल्या खुर्च्यांना हात हवेत, कारण बसणं कुणालाही जमतं, आधार उठायला लागतो. माशाचे काटे भटारखान्यातच काढायचे, पण माशाचा आकार मोडायचा नाही. भुगा करून वाढला की माणसाला बरोबर कळतं, आपल्याला इथे काय समजतात ते. मेनूची अक्षरं बोटाच्या पेराएवढी हवीत. शेवटचं जेवण साडेसहाला, आणि त्याला रात्रीचं म्हणायचं नाही, संध्याकाळचं म्हणायचं.

हे सगळं तिला येत होतं आणि आपल्याला येतंय हे तिला पुरेपूर ठाऊकही होतं. तिचा आवाज गोड होता. स्वभाव तितका नव्हता, पण पाहुण्यांशी संबंध आवाजाचा यायचा.

तिची खरी कीर्ती मात्र त्या 'की'ची. तिचं म्हणणं असं: वय झालेल्या माणसाला 'बोटीतून फिरायला याल का' असं विचारलं की 'नाही' ऐकायची तयारी ठेवायची. त्याला भीती वाटत असते, पाय दुखत असतात, आणि 'नाही' हा एवढा एकच शब्द त्याच्या मालकीचा उरलेला असतो. तो तो वापरणारच. म्हणून विचारायचं, 'बोटीत पुढे बसणार की मागे?' माणूस विचारात पडतो, पुढे म्हणतो, आणि बोट सुटल्यावर शेजारच्याला सांगतो, मी मुद्दाम पुढची जागा घेतली.

नव्या लोकांना शिकवायला तिने एक वही केली होती आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले होते. विचारू नका, निवडायला द्या. दोनच द्या, आणि 'की' म्हटल्यावर श्वासभर थांबा. तिसरं मागितलं तर ताट पुढे करा. या तिसऱ्या नियमाचा अर्थ ती तोंडी सांगायची. एखादा हुशार निघतो आणि म्हणतो, या दोन्हींतलं काही नको, आणखी काय आहे? त्याला नाही म्हणायचं नाही आणि हो तर मुळीच नाही. खायला काहीतरी पुढे करायचं. तोंड भरलं की प्रश्न आत जातो, आणि तो पुन्हा वर येईपर्यंत बोट सुटलेली असते.

ही विद्या तिला सुचली कशी, तेही ती रंगवून सांगत असे. तेव्हा नवरा जिवंत होता. हॉटेलने दिलेलं क्वार्टर एका खोलीचं, आणि त्यात ती दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा खोकला, सासूबाईंची औषधं, सासूबाईंची पेटी. थोरले भाऊजी पलीकडच्या बेटावर राहायचे. त्यांचं घर मोठं होतं आणि मन लहान, त्यामुळे सासूबाईंना तिथे जायचं नव्हतं. नवऱ्याला तर आईसमोर तोंड उघडवेना. शेवटी एका सकाळी ताईने सासूबाईंपुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आई, तुम्ही सोमवारच्या बोटीने जाता की गुरुवारच्या?" सासूबाईंनी बराच वेळ चहाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुवारच्या." मग ते तीन दिवस त्या अगदी खुशीत होत्या, असं ताई सांगायची. घरातले सगळे डबे घासले, नातवाच्या शर्टाची बटणं लावली. "तीन दिवस जिंकल्या होत्या बिचाऱ्या," असं ताई म्हणायची आणि ऐकणारे हसायचे.

त्याच्या पुढचं ती सांगत नसे. सासूबाई गुरुवारी गेल्या, आणि दीड वर्षाने भाऊजींकडून आला तो त्या गेल्याचाच निरोप. मुलगा चहाच्या त्या सकाळी कोपऱ्यात बसून पाढे लिहीत होता. लहान मूल आहे, त्याला काय कळतंय, म्हणून सगळं त्याच्यासमोरच झालं होतं.

आता ताईला साठ पूर्ण झाली होती. हा हंगाम संपला की नोकरी संपणार होती आणि नोकरीबरोबर क्वार्टर. हॉटेलच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं, कामाची तारीफ केली आणि विचारलं, निरोपसमारंभ सकाळी ठेवू या की संध्याकाळी? ताई खो खो हसली. गुरूची विद्या गुरूला देऊ नका म्हणाली, आणि हसता हसताच संध्याकाळी म्हणाली.

क्वार्टर जाणार याचं तिला काही वाटत नव्हतं. तिचा जीव दुसरीकडे गुंतला होता. मुलगा तीन वर्षं तिच्याच हाताखाली शिकला, मग जेवणघराचा मुख्य झाला आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून त्याने धक्क्याजवळ स्वतःचं घर बांधायला घेतलं. खाली स्वयंपाकघर, बसायची खोली आणि तिच्या मागे एक खोली. पाया खणत होते तेव्हा त्याने ताईला विचारलं होतं, "आई, मागच्या खोलीला खिडकी पूर्वेला ठेवू की दक्षिणेला?" ती म्हणाली होती पूर्वेला, सकाळचा उजेड चांगला. त्या क्षणापासून ती खोली तिने आपली मानली. नाहीतर खिडकी कुठे हवी हे मला कशाला विचारलं असतं, असं तिचं गणित. सबंध बेटावर एकच माणूस असा होता ज्याने हे गणित मांडायला नको होतं, आणि नेमकं त्यानेच ते मांडलं.

मुलाने राहायला ये असं शब्दाने म्हटलं नव्हतं. पोटच्या पोराने असं म्हणायचं असतं का, असं ती स्वतःलाच समजवायची. पण त्याने एकदा म्हणावं म्हणून तिचे कान टवकारलेले असायचे. सुनेचा फोन आला की दुसऱ्या वाक्याला ते येईल असं वाटायचं, आणि दुसरं वाक्य हवापाण्याचं निघायचं. तरी तिने पडद्याचं कापड आणून ठेवलं, फिक्या हिरव्या रंगाचं. शिवायचं तेवढं राहिलं होतं, कारण खिडकीचं माप नव्हतं. महिन्यापूर्वी मुलाने तिची वही मागून नेली. तो स्वतःच ज्येष्ठ पाहुण्यांच्या सहलींचं काम सुरू करणार होता. ताईने वही देताना तिला नवं कव्हर घातलं.

हंगामाची शेवटची तुकडी आली, अठरा जणांची, आणि त्यात मास्तर होते.

मास्तर हे ताईचं जुनं दुखणं. ओळीने पाच वर्षं येत होते. उंच, सडपातळ, जन्मभर गणित शिकवलेले. हातात काठी होती, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. बोटीने की गाडीने, असं ताईने विचारलं की मास्तर काठी वर करून म्हणायचे, "तिसरं काय आहे?" ताई पपईची बशी पुढे करायची. मास्तर सगळी पपई खायचे, तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "पपई उत्तम. तर तिसरं काय म्हणालात?" मग ते ना बोटीने जायचे ना गाडीने. धक्क्यावर जाळी विणणाऱ्यांच्यात दिवसभर बसून राहायचे आणि आखलेल्या कार्यक्रमातली त्यांची खुर्ची रिकामी राहायची. भटारखान्यात त्यांचं नाव तिसरेमास्तर पडलं होतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं ताई चिडून म्हणायची. मनातून तिने ठरवलं होतं, जायच्या आधी या माणसाकडून एकदा तरी 'हे' किंवा 'ते' वदवून घ्यायचं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मास्तर, खोली खालची देऊ की वरची?"

"खालची," मास्तर म्हणाले.

ताईला आधी ऐकूच आलं नाही, इतकी ती पपईची बशी उचलायच्या तयारीत होती. दुसऱ्या दिवशी तिने बोट की बाग विचारलं, मास्तर बोट म्हणाले. बोटीत पुढे की मागे विचारलं, मागे म्हणाले. जेवणात सूप की सॅलड, तर सूप. भटारखान्यात ही बातमी पोचली तेव्हा आचाऱ्याने झाऱ्याने पातेलं वाजवलं. ताईनेही मान ताठ करून मानवंदना घेतली. पण संध्याकाळी मास्तर सूप घेत होते ते तिने लांबून पाहिलं. चमचा भरायचा, तोंडात घालायचा, पुन्हा भरायचा. त्यांच्या उजव्या हाताला बसवलेल्या बोलक्या बाई बोलत होत्या, आणि काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. मास्तर व्हरांड्यात बसले होते. ती जवळ गेली आणि 'की' नसलेला प्रश्न विचारून बसली.

"मास्तर, यंदा तिसरं विचारत नाही तुम्ही?"

मास्तर हसले. हिवाळ्यात लेकीने घर विकलं, असं त्यांनी सांगितलं. घर जुनं झालं होतं, जिना धोक्याचा होता, लेकीचंही चूक नव्हतं. आता ते एका ज्येष्ठ निवासात राहतात. खोली स्वच्छ आहे, जेवण वेळेवर येतं.

"तिसरं विचारायला पाठीमागे घर लागतं, ताई," ते म्हणाले. "दोन्ही नको म्हटल्यावर मी जायचो कुठे, तर माझ्या घरी. म्हणून तोंड वर करून विचारायचो. आता कुणी चला म्हटलं की मी चपला घालतो."

ताईला वाईट वाटलं. खरंच वाटलं, ती दगड नव्हती. पण त्या वाईट वाटण्याच्या खालीच तिला बरंही वाटत होतं, की आपल्यावर ही पाळी नाही. आपली पूर्वेची खिडकी आहे. मग तिने सवयीने विचारलं, चहा घेता की लिंबाचं सरबत? मास्तर म्हणाले, तुम्ही म्हणाल ते.

त्याच दुपारी मुलाचा फोन आला. रविवारी जेवायला ये म्हणाला, बाराला येतेस की साडेबाराला? ताईने हसून बारा सांगितलं. तुकडी रविवारी सकाळच्या बोटीने परत जायची होती. मास्तरांना बोटीत बसवताना त्यांनी काठी वर केली तेव्हा ताईला वाटलं आता विचारतील, पण ते फक्त निरोप घेत होते. बोट नजरेआड झाली तशी तिने क्वार्टरवर जाऊन पडद्याचं कापड घेतलं, पिशवीत शिवणाची टेप टाकली आणि ती धक्क्याच्या रस्त्याला लागली.

मुलाचं घर बर्फाच्या कारखान्याच्या मागे होतं. गल्लीत सदा पाणी सांडलेलं, कारखान्याची घरघर भिंतीतून ऐकू यायची, पण घर नीटनेटकं होतं. सून दारातच सामोरी आली आणि तिने ताईची पिशवी हातातून घेतली. सून वाईट नव्हती. या गोष्टीत वाईट कुणीच नाही, तीच तर पंचाईत आहे. जेवणाच्या टेबलापाशी एक नवी खुर्ची मांडली होती, हात असलेली. ताईने ती चटकन हेरली आणि तिला भरून आलं. आपल्यासाठी आणली, म्हणजे रोज बसण्यासाठीच आणली असणार.

"मी आधी मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेते," ती म्हणाली.

सुनेने स्वयंपाकघराकडे बघितलं, मुलगा तिथे होता. "आई, आधी बसा ना, पाणी तरी घ्या," ती म्हणाली. पण ताई टेप उलगडत मागे गेलीच.

खोलीत खाट नव्हती. खिडकीखाली मोठं टेबल होतं, त्याच्यावर फोन, कागदांचे ट्रे आणि रंगीत पत्रकांचे गठ्ठे. टेबलासमोर गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. आणि समोरच्या भिंतीवर, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत छापून, चौकटीत लावलेले तीन नियम. विचारू नका, निवडायला द्या. ताईने तिन्ही वाचले. तिच्याच वहीतले होते, कानामात्रेचा फरक नव्हता.

मुलगा मागून आला. "तुझ्याच पद्धतीने चालवणार आहे सगळं," तो अभिमानाने म्हणाला. "आणि खिडकीचं बरं झालं तू सांगितलंस ते. सकाळी टेबलावर काय छान उजेड येतो."

ताईने टेप गुंडाळली. गुंडाळताना ती दोनदा सुटली.

जेवायला बसल्यावर मुलाने तिच्यासमोर एक पत्रक ठेवलं. चकचकीत कागद, टेकडीवरची पांढरी इमारत, जिन्याऐवजी उतार, भिंतींना धरायला दांडे. फोटोतली म्हातारी माणसं हसत होती. तो शब्द ताईच्या मनात सरळ आला, म्हातारी, आणि या वेळी तिने त्याला अडवलं नाही.

"आई," मुलगा म्हणाला, "तुला समुद्राकडची खोली आवडेल की," आणि श्वासभर थांबला, "बागेकडची?"

एवढं पत्रक डोळ्यांसमोर असूनही क्षणभर तिने आजूबाजूला पाहिलं. या घराच्या एका खिडकीतून कारखान्याची भिंत दिसायची आणि दुसरीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. समुद्रही नव्हता, बागही नव्हती. मग तो श्वास तिच्या ध्यानात आला. किती बरोबर थांबला होता. कमीही नाही, जास्तही नाही. तीन वर्षं तिनेच घोकून घेतलं होतं त्याच्याकडून.

तिला राग आला. असा राग की समोरचं ताट उचलून त्या चौकटीवर भिरकावावं. बाळंतपणात मी मरता मरता वाचले ते यासाठी का, असं काहीतरी अगदी जुनं, बायकांचं ठरलेलं वाक्यही तिच्या ओठांवर आलं. पण रडत बोलायचं नाही, हेही तिने पंचवीस वर्षं पाळलेलं होतं. सून ताटाकडे बघत होती. ताईने मान वर केली आणि मुलाच्या डोळ्यांत बघून विचारलं,

"तिसरं काय आहे?"

मुलगा गडबडला. एक क्षण त्याचं तोंड पाढा विसरलेल्या आठ वर्षांच्या पोराचं झालं, आणि त्या एका क्षणात ताईला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की आई, तू इथेच राहा, टेबल बाहेर काढू. ती थांबली. श्वासभर नाही, चांगली थांबली. कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

मग मुलाने हात लांब करून बशी उचलली.

"ते बोलू की गं सावकाश," तो म्हणाला. "आधी जेव. मासा घेतेस की भाजी?"

ताईने बशीकडे पाहिलं. मासा अखंड होता, आकार जराही मोडलेला नव्हता. "मासा," ती म्हणाली.

ती जेवली. बोटांनी चाचपून चाचपून एक काटा शोधत होती. एखादा तरी राहिला असता, घशात अडकला असता, तर निदान त्या निमित्ताने ओरडता आलं असतं, डोळ्यांतून पाणी काढता आलं असतं. एकही सापडला नाही. शिकवलेलं चोख होतं. मुलगा मधून मधून सांगत होता, तिथलं जेवण कसं वेळेवर असतं, मेनूची अक्षरं कशी मोठी आहेत, डॉक्टर रोज येतो, आपल्या इथे तर दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा आणि कारखान्याचा आवाज, तुला झोप लागणार नाही. सगळं खरं होतं. एकाही शब्दाला नाव ठेवायला जागा नव्हती. सून म्हणाली, आम्ही दर रविवारी येऊ, आणि तेही ती मनापासूनच म्हणाली.

ताई मनातल्या मनात इकडेतिकडे धावत होती. दोन्ही नको म्हणायचं आणि उठायचं. उठून जायचं कुठे? क्वार्टरची किल्ली महिनाअखेरीला द्यायची होती. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि थोरल्या भाऊजींच्या घरी कुठल्या तोंडाने जाणार होती ती? मास्तर धक्क्यावरून परत आपल्या घरी जायचे, म्हणून त्यांची काठी वर व्हायची. ती व्हरांड्यात त्यांच्यासमोर उभी होती आणि मनात पडदा शिवत होती, हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

हात धुऊन आल्यावर तिने पिशवीतून हिरवं कापड काढलं आणि सुनेला दिलं. "टेबलावर ऊन येईल उन्हाळ्यात," ती म्हणाली, "पडदा करून घे." सुनेने कापड घेतलं, खूप सुंदर आहे म्हणाली, आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलाने स्वतः चहा करून आणला. तिच्या आवडीचा, कमी साखरेचा. कप तिच्यापुढे ठेवला, कान तिच्या उजव्या हाताकडे करून, आणि समोर बसला.

"मग आई, मी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "सोमवारी येऊ की गुरुवारी?"

ताईने झटकन वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते तिने शोधलं, डाव, टोमणा, निदान जुना एखादा राग. पोराने आजीचा सूड घेतला असता तरी तिला चाललं असतं, कुणाची तरी आठवण ठेवली असं झालं असतं. पण तो टेबलावरची शितं एका बोटाने गोळा करत होता. त्याला काहीच आठवत नव्हतं. हे वाक्य कुठून आलं, कधी ऐकलं, कोण कोपऱ्यात बसलं होतं, काही नाही. घरातली भाषा जशी तोंडात बसते तसं ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

ताई बराच वेळ चहाकडे बघत राहिली. सासूबाईही अशाच बघत होत्या. त्या खुशीत होत्या, असं ती इतकी वर्षं लोकांना सांगत आली होती.

"गुरुवारी," ती म्हणाली.

आणि तीन दिवस जास्त मिळाले म्हणून तिला क्षणभर खरोखरच बरं वाटलं.